भाऊबीजेला आचऱ्याला जातोय, भाच्यासाठी काय नेऊ? (रिमोटची गाडी सोडून बोला)

डोंबिवलीचा_मामा

मंडळी, दिवाळी पंधरा दिवसांवर आली आणि माझी दरवर्षीची रड सुरू झाली. बहीण आचऱ्याला दिलेली, मालवण तालुक्यात. भाऊबीजेला मी जातो. भाचा सहा वर्षांचा, यंदा पहिलीत गेला. त्याच्यासाठी काहीतरी न्यायचं असतं आणि दरवर्षी माझं काहीतरी चुकतं.

गेल्या वर्षीचं सांगतो. ठाण्याहून अठराशे रुपयांची रिमोटची गाडी नेली. बहिणीच्या सासूबाईंनी त्याच सकाळी खळं सारवलेलं. भाच्याने तिथेच गाडी सोडली. मागच्या चाकांनी ओलं शेण भिंतीपर्यंत उडवलं. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत, पण चहा जरा उशिरानेच आला. संध्याकाळपर्यंत आसात भाताचं काड गुंडाळलं गेलं. दुसऱ्या दिवशी गाडी जांभ्याच्या पाखाडीवरून गडगडत खाली. तिसऱ्या दिवशी सेल संपले. मे महिन्यात गेलो तेव्हा माळ्यावर दिसली, सेलच्या खाचेत हिरवट-पांढरा भुगा साठलेला.

गाडी गेली त्याचं एवढं वाटलं नाही. घर एकत्र आहे. भाच्याची चुलत बहीण नऊ वर्षांची, चौथीत. मी खोका उघडला तेव्हा ती ओटीच्या खांबाला धरून उभी होती. मीही तिचा मामाच, हाक तशीच मारते. तिच्यासाठी मी कॅडबरी नेली होती. ते तोंड अजून डोळ्यांसमोर आहे. घरात आणखी एक चुलत भाऊ आहे दीड वर्षाचा, हाताला लागेल ते तोंडात घालणारा.

तर तिघांत मिळून दीड हजार. तुतारी एक्स्प्रेसने जाणार, स्लीपर, म्हणजे सामान मांडीवर बसेल एवढंच. सुचवा.

कुडाळची_सूनबाई

कणकवलीला उतरून पुन्हा दक्षिणेला यायची तयारी असेल तर सावंतवाडीची चितारआळी गाठा. लाकडी फळं, भाज्या, बैलगाडी, भोवरे, ढकलगाडी सगळं मिळतं. पूर्वी पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरायचे, आता इतरही येतं. दुकानात वस्तू हातात घेऊन बघा. बाहेरून आलेला मशीनवरचा मालही तिथेच शेजारी मांडलेला असतो. हातच्या रंगकामात केळ्याच्या टोकाचा काळेपणासुद्धा उतरवलेला दिसतो. माझ्या सासऱ्यांनी एकदा पाहुण्याच्या ताटात लाकडी आंबा ठेवला होता, पाहुण्यांनी सुरी मागितली!

चिंगीची_आई

दीड वर्षाच्याला ढकलगाडी झकास. पण सहा वर्षांचा मुलगा लाकडी वांगं घेऊन काय करणार? दोन दिवस भाजीचं दुकान मांडेल आणि तिसऱ्या दिवशी ती शोकेसमध्ये जातील. आमच्याकडे गेलीत.

खुर्ची_टाकून_बसलेला

गावपळणीचं आचरा ना हे? जिथे अख्खा गाव घरं सोडून तीन दिवस वेशीबाहेर राहतो, त्या गावच्या पोराला खेळणं कशाला लागतं? कृपया हलके घ्या.

सायकलवेडा

सहा वर्षं म्हणजे सायकल. प्रश्न मिटला. उंचीप्रमाणे १६ किंवा २० इंची. मुंबईहून नेऊ नका, कणकवलीत घ्या, दुरुस्तीलाही तोच दुकानदार लागेल. चार जण मिळून पैसे काढा. खाऱ्या हवेत चेन लवकर गंजते, म्हणून घरात कुणाला तरी दर आठवड्याला फडका मारून तेल सोडायला सांगा. माझ्या चुलत्यांनी वेंगुर्ल्यात सायकल पावसाळाभर पडवीत ठेवली. पागोळ्या नेमक्या चेनवर. दसऱ्याला चेन काठीसारखी ताठ.

डोंबिवलीचा_मामा

@सायकलवेडा, सायकल मनात होती. पण एक सायकल, दोन मुलं आणि घरापासून रस्त्यापर्यंत सत्तावीस पायऱ्या. शिवाय बजेट.

भरड_नाका

एक टॅब द्या. शाळेचं पण होतं, मुलं शांत बसतात.

चिंगीची_आई

शांत बसतात हीच तर तक्रार आहे.

भरड_नाका

ताई, तुमच्याकडे चार वाजता उद्यान आहे, क्लास आहे. गावात पावसाळ्यात चार महिने पोर ओटीवर बसून असतं. त्याने काय करायचं?

मुणगेकर

गाववाल्यानू, एक सांगू? हय लोक आता पोयीची होडी, माडाच्या पातीची पिपाणी, विरीर बसान ओढूचा ह्याच्यार लिवतले. ता सगळा आमच्या पोरांक फुकट गावता. आमच्या पोरांक पण रिमोटची गाडी होयीच असता. तुमका मुंबयत रवान होडी आठवता, ता तुमचा दुखणा.

(मराठीत: होडी, पिपाणी हे सगळं आमच्या पोरांना फुकट मिळतं, त्यांनाही रिमोटची गाडीच हवी असते. तुमच्या आठवणी पोरांच्या गळ्यात बांधू नका. मी लहान असताना काकांनी मुंबईहून लाकडी भोवरा आणला होता. आमच्या घरामागे सुतार राहायचा, त्याने मला तसले चार करून दिले होते. मला हवं होतं चावीचं माकड.)

कुडाळची_सूनबाई

@मुणगेकर, हे टोचलं, पण खरं आहे. सावंतवाडीची खेळणी पुण्या-मुंबईच्या मुलांना जास्त अप्रूपाची. आमच्या घरात ती पाहुण्यांना द्यायलाच असतात.

पांढरा_डगला

बालरुग्ण विभागात परिचारिका आहे, म्हणून काळ्या मांजरासारखी आडवी जाते. घरात दीड वर्षाचं मूल आहे हे वाचलं. मग मोठ्याला काहीही द्या, ते धाकट्याच्या तोंडात जाणार हे धरूनच निवडा.

बटण सेल असलेलं काहीही नको: आवाज करणारी पुस्तकं, लुकलुकणारे भोवरे, चिल्लर दिवे. तो चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून खोल भाजतं. संपलेला सेलसुद्धा धोक्याचाच. लोकांना वाटतं नाणं गिळल्यासारखं आहे, शौचावाटे पडेल. थांबायचं नसतं, उलटी काढायची नसते, सरळ एक्सरे असलेलं रुग्णालय गाठायचं. तुमच्या गावाहून तिथे पोचायला किती वेळ लागतो ते तुम्हीच मोजा. लोहचुंबकाच्या गोळ्या नकोत, दोन गिळल्या तर आतड्याच्या दोन वेढ्यांना मध्ये धरून चिकटतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर घरातच नकोत, ते पोटातही फुगतात.

आणि कारखान्यात बनलेल्या खेळण्यावर आयएसआयचा शिक्का बघा. १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या मालाला सूट आहे, त्यामुळे चितारआळीत शिक्का दिसला नाही म्हणून भांडू नका. जत्रेतल्या प्लास्टिकला मात्र ही सबब चालत नाही.

निशाचर

फटाके न्या, एका रात्रीत संपतात, माळ्यावर जात नाहीत.

पांढरा_डगला

@निशाचर, भाऊबीजेची ड्यूटी माझीच आहे. या भेटायला.

पानपिसारा

पुस्तकं कुणीच कशी म्हटली नाहीत? प्रथम बुक्सची मराठी चित्रपुस्तकं स्वस्त असतात, पातळ असतात, मांडीवर मावतात. पहिलीतला नुकता अक्षरं जुळवतो, चौथीतली सहज वाचते, म्हणजे ती वाचून दाखवेल. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, वर्गणी भरा, दर महिन्याला मामाची आठवण टपालाने येईल. जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

फक्त अर्धा तास स्वतः बसून वाचून दाखवा. मी भाच्याला पुस्तक दिलं आणि मोठ्यांत गप्पा मारत बसलो. त्याने त्याचा पतंग केला. बरा उडाला म्हणे.

निवृत्त_गुरुजी

धागा सकाळपासून वाचतो आहे. देवगड-मालवण पट्ट्यात बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत काढली, म्हणून चार ओळी.

भाच्याला घड्याळ द्या. काट्यांचे. पहिली-दुसरीचे वय घड्याळ शिकण्याचे आहे आणि हल्ली घरांत मोबाइलवरचे आकडे तेवढे असतात, काटे दिसत नाहीत. आता विचाराल, घड्याळाशी किती वेळ खेळणार? आचऱ्याला खाडी आहे. तिच्याशी खेळेल.

आमच्याकडे जुनी माणसे भरतीची वेळ अशी काढत: त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी धरायची, म्हणजे सव्वाअकरा. दिवसा जी वेळ तीच साधारण रात्रीची, कारण दोन भरत्यांत साडेबारा तासांना थोडे कमी एवढे अंतर. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, पाणी त्याच्यामागून तेवढेच मागे सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, हिशेब जवळपास बसतो. अगदी काट्यावर येत नाही, आणि तीच गंमत आहे. किती चुकले ते मुलांनी मोजावे.

तिथी बघायला कालनिर्णय घरात असेलच. ते १९७३ साली सुरू करणारे जयंत साळगांवकर मालवणचेच. पहिलीतल्याला पाऊणपट येणार नाही, चौथीतलीला जमेल. वेळ बघायची त्याने, हिशेब करायचा तिने. एक वही, एक घड्याळ. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, त्यामुळे भाऊबीजेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी चांगले चढलेले दिसेल. काठावर मोठे माणूस हवेच, हे सांगायला नको.

खुर्ची_टाकून_बसलेला

गुरुजी, खुर्ची पुढे ओढली. पाऊणकी! आमचे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी एका श्वासात म्हणायचे. मला वाटायचं शिव्या देतायत.

डोंबिवलीचा_मामा

गुरुजी, दंडवत. आचऱ्याला आठ वर्षं जातोय, भरती कधी येते हे कधी मनातसुद्धा आलं नाही. मुलांचं मनगटी घड्याळ साडेतीनशेपर्यंत दिसतंय. घेऊन टाकतो.

पांढरा_डगला

थांबा. मनगटी घड्याळात काय असतं? बटण सेल. पाठ स्क्रूने बंद असेल तर एक वेळ चालेल. पण नुसती दाबून बसवलेली असेल तर सहा वर्षांचा ती नखाने उघडणार. मीही उघडली असती.

मुणगेकर

मग चावीचा गजर न्या! मुंबईत अजून मिळतो जुन्या घड्याळजींकडे. सेल नाही, रोज रात्री चावी द्यायची. माझं माकड राहिलं, तुमच्या भाच्याला चावी तरी मिळू दे.

सायकलवेडा

गजराचं घड्याळ घेऊन खाडीवर जाणारी पोरं... मला हे बघायचं आहे. आणि हो, खाऱ्या हवेत ते पण गंजतं. नंतर कोरड्या फडक्याने पुसा.

डोंबिवलीचा_मामा

मिळालं. स्टेशनजवळ एका जिन्याखाली एक वयस्क घड्याळजी बसतात, त्यांच्याकडे. हिरवा पत्रा, वर दोन घंट्या, साडेसहाशेला. त्यांनी उघडून तेल घातलं, कानाला लावून ऐकलं आणि म्हणाले, "दिवसाला तीन मिनिटं पुढे जाईल. रोज मिळवून घ्यायचं." बरोबर दोनशे पानी वही, रंगीत पेन्सिली, प्रथमची चार पुस्तकं. ढकलगाडी मालवणच्या बाजारात बघेन. गाडी रात्रीची आहे, परत आल्यावर लिहितो.

निशाचर

साडेसहाशेचं घड्याळ जे वेळ चुकवतं. वा.

*(सहा दिवसांनंतर)*

डोंबिवलीचा_मामा

आलो काल. जसं झालं तसं लिहितो.

शनिवारी दुपारी पोचलो, ओवाळणी, जेवण. खोका उघडला. भाच्याने घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं, सगळीकडून बघितलं आणि विचारलं, "मामा, ह्याचा चार्जर खय असा?" मला वाटलं, गेलं हेही वर्ष माळ्यावर. मग चावी फिरवून दाखवली. कर्रर कर्रर आवाज झाला, टिकटिक सुरू झाली आणि त्याने ते कानाला लावलं ते रात्रीपर्यंत सोडलं नाही. रात्री गजराची चावी कुणी आणि किती फिरवली माहीत नाही. पहाटे पावणेचारला दोन्ही घंटा. बहिणीचे सासरे अंधारात उठून बसले, त्यांना वाटलं एसटी चुकली.

रविवारी तृतीया. पोरीने वहीत लिहिलं ३ × ३/४ आणि अडली. अपूर्णांक शाळेत नुकते कुठे सुरू झालेत. मी मोबाइल काढणार तेवढ्यात ओटीवरून सासरे म्हणाले, "तीन पाऊणे सव्वादोन." मान वर न करता. सुपारी कातरत होते. मग चार पाऊणे तीन, पाच पाऊणे पावणेचार, असे पंधरापर्यंत गेले. पोरीने सगळं वहीत उतरवून घेतलं. बहीण आतून बाहेर आली. आठ वर्षं त्या घरात आहे, तिने हे ऐकलं नव्हतं.

दीड वाजता आम्ही खाडीवर. मी, ही दोघं आणि वाटेत जमलेली आणखी तीन पोरं. घड्याळ भाच्याने टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेलं. किनाऱ्याला बांबूची काठी रोवली, तिला वीत-वीत अंतरावर लाल सुतळी बांधली. दर दहा मिनिटांनी तो काटे सांगणार, ती कितव्या सुतळीला पाणी आहे ते लिहिणार. त्याला मोठा काटा आणि छोटा काटा यांत घोळ. "मोठो दोनार, बारको..." की उलटं? ती ओरडायची, तो परत बघायचा. चौथ्या-पाचव्या वेळेला तो न चुकता सांगायला लागला. मी शिकवलं नाही, तिच्या ओरड्याने शिकला.

सव्वादोनला पाणी पूर्ण भरायला हवं होतं. पण पावणेदोननंतर सुतळी हललीच नाही, आणि दोनच्या पुढे पाणी खाली. म्हणजे अर्धा तास आधीच. भाचा घड्याळ हलवून बघायला लागला, बिघडलं म्हणून. सासरे घरी म्हणाले, "पाणी तुझा घड्याळ बघून येवचा नाय." सोमवारी चतुर्थी, तीनची वेळ. पुन्हा अर्धा तास आधी. पोरीने वहीत लाल पेन्सिलने लिहिलं: "आमच्या खाडीत अर्धा तास वजा." गुरुजी, हे तुम्हाला दाखवायला फोटो काढलाय, व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

दीड वर्षाच्याने ढकलगाडीकडे ढुंकून बघितलं नाही. गाडी बांधलेली होती तो पुठ्ठ्याचा खोका घेऊन बसला.

आणि हो, @मुणगेकर, दुसऱ्या दिवशी त्याने मला हळूच विचारलं, "गाडी परत चालू व्हतली काय?" माळ्यावरून काढली, सेलची खाच लिंबाने घासून पुसली, नवे सेल घातले. पुढचं डावं चाक फिरतं. गाडी गोल गोल फिरते. त्याला तेही चाललं, फक्त खळ्यात नाही.

मुणगेकर

बगलास मा.

निवृत्त_गुरुजी

फोटो मिळाला. "अर्धा तास वजा" हे फार आवडले. मी नोकरीच्या पहिल्या शाळेत पाऊण तास वजा धरत असे, ती शाळा खाडीमुखाशी होती. आत शिरावे तसे पाणी उशिरा पोचते. त्या मुलीला सांगा, काठी आणखी आत, एखाद्या मैलावर रोवून बघ.

पानपिसारा

पुस्तकांचं काय झालं ते शिताफीने गाळलंत.

डोंबिवलीचा_मामा

@पानपिसारा, दोन वाचली मी, झोपताना. तिसरं तिने त्याला वाचून दाखवलं. चौथं काठी रोवताना चिखलात पडलं, आता तारेवर वाळत आहे.

@गुरुजी, निरोप पोचवला. आज सकाळी फोन आला होता. भाचा विचारतो, "मामा, तुमच्या डोंबिवलीत पाणी किती वाजता येता?" मी म्हटलं, नळाला सहा वाजता. तो म्हणाला, तसं नाय, खाडीक. आता डोंबिवलीला खाडी आहे हे मलाही कागदोपत्रीच माहीत, पश्चिमेला मोठागावकडे. एकोणीस वर्षं इथे राहतोय, एकदाही गेलो नाही. त्याला सांगून बसलोय की बघून कळवतो. रविवारी दशमी. दहा पाऊणे साडेसात. अधिक किती धरू, गुरुजी?